शॉकवेव्हचं यंत्र नंतर, आधी ती पॉलिसी परत करा

प्रश्न : मी फिजिओथेरपिस्ट आहे, वय ४१. स्वतःचं क्लिनिक आहे आणि अपॉइंटमेंट संध्याकाळपर्यंत भरलेल्या असतात. शॉकवेव्हचं, म्हणजे दुखऱ्या भागावर दाबाच्या लाटांचे ठोके देणारं, यंत्र घ्यायचं नक्की केलंय, फक्त रेडियल (लाट त्वचेपासून आत पसरते) की फोकस्ड (लाट आत एका बिंदूवर एकवटते) एवढंच ठरत नाही. फोकस्ड तिप्पट महाग आहे, पण विक्रेते म्हणतात की ते १२ सेंटिमीटर खोल जातं आणि दिवसाला ८ रुग्ण धरले तर सहा महिन्यांत पैसे वसूल होतात. कर्जाची सोय त्यांनीच करून दिली : ७ वर्षं फक्त व्याज भरायचं, मुद्दल शेवटी एकरकमी. त्या मुद्दलासाठी त्यांच्या सल्लागाराने बचत आणि विमा अशी एकत्र पॉलिसी दिली आहे. पहिला हप्ता मी अडीअडचणीच्या पैशांतून भरला, आता त्यात महिन्याभराचा खर्च उरलाय. पॉलिसी गेल्या आठवड्यात हातात आली, कर्जाच्या कागदांवर सही पुढच्या आठवड्यात आहे. महिन्याला साठेक नवे रुग्ण येतात, त्यातले १५ टाच, कोपर आणि अकिलीस टेंडनच्या (पोटरी टाचेला जोडणाऱ्या पट्ट्याच्या) दुखण्याचे. कोणतं यंत्र घेऊ?

उत्तर : फोकस्ड घेऊ नका. रेडियलही लगेच घेऊ नका. यंत्राकडे आपण येऊच, पण पत्रात तुम्ही दोन ओळींत उरकलेली पॉलिसी तुम्हाला फार महाग पडणार आहे आणि तिच्यावर काही करायला तुमच्या हातात थोडेच दिवस आहेत. म्हणून आधी ती.

तुम्ही पाठवलेले आकडे मी रकमेत मांडत नाही. शॉकवेव्हच्या एका सत्राची तुम्ही ठरवलेली फी हेच माप धरू. या मापाने फोकस्ड यंत्र १,२०० सत्रांचं, रेडियल ४०० सत्रांचं. कर्जाचं व्याज वर्षाला १२ टक्के, म्हणजे फोकस्डसाठी महिन्याला १२ सत्रं. पॉलिसीचा हप्ता वर्षाला १२० सत्रं, म्हणजे महिन्याला १०. एकूण २२ सत्रं दर महिन्याला बाहेर जाणार, सलग ७ वर्षं, आणि त्यानंतरही १,२०० चं मुद्दल जसंच्या तसं उभं.

हेच १,२०० चं कर्ज त्याच व्याजाने, त्याच ७ वर्षांसाठी साध्या मासिक हप्त्यांवर घेतलं तर हप्ता साधारण २१ सत्रांचा येतो आणि शेवटच्या हप्त्याबरोबर कर्ज संपतं. म्हणजे तुम्ही महिन्याला एक सत्र जास्त भरून कर्ज फिटण्याची खात्री सोडून देताय आणि बदल्यात कर्ज फिटेल अशी आशा घेताय. हा सौदा तुम्हाला कोणी असा समोरासमोर मांडून दाखवला असता तर तुम्ही पहिल्याच मिनिटाला नाही म्हणाला असतात.

आता त्या आशेचं मोजमाप. वर्षाला १२० भरून सातव्या वर्षाअखेर १,२०० हातात यायचे तर सगळे खर्च, कमिशन आणि विम्याची किंमत वजा जाऊन वर्षाला सुमारे ९ टक्के सुटायला हवेत. तुमच्या पॉलिसीच्या तक्त्यात ते १,२०० ज्या रकान्यात आहेत त्याच्या डोक्यावर 'अंदाजित' असं छापलंय, हे तुम्हीच लिहिलंय. ५ टक्के सुटले तर येतील साधारण १,०२५. ४ टक्के सुटले तर हजाराच्याही आत. १७५ ते २१५ सत्रांची ही तूट सातव्या वर्षी एका दिवसात भरावी लागेल. आणि सगळं तक्त्याप्रमाणे घडलं तरी १२ टक्क्यांनी उसने घेतलेले पैसे ९ टक्क्यांवर गुंतवून कोणाचं भलं होतं? तुमचं तर नाहीच.

यात आणखी एक फास आहे. तिसऱ्या वर्षी रुग्ण कमी पडले आणि यंत्र विकायची वेळ आली, तर साध्या हप्त्यांच्या कर्जात तोवर सुमारे ८०० बाकी असते. तुमच्या व्यवस्थेत पूर्ण १,२०० बाकी असणार, आणि अशी पॉलिसी तिसऱ्या वर्षी मोडली तर सहसा भरलेले हप्तेही पुरते परत मिळत नाहीत. मुद्दल शेवटी फेडायच्या कर्जाला बचत-विमा जोडून विकण्याचा प्रकार जुना आहे. गेल्या शतकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये घरकर्जांना अशाच पॉलिसी सर्रास जोडल्या गेल्या, परतावा अंदाजापेक्षा कमी आला आणि कितीतरी कुटुंबांना मुदत संपताना घराचं मुद्दल कमी पडलं. एवढं होऊनही तीच मांडणी तुमच्यासमोर नवी योजना म्हणून ठेवली जाते, याचा मला संताप येतो.

पॉलिसी हातात आल्यापासून ठरावीक दिवसांत ती परत करून पैसे मागे घेण्याची मुभा बहुतेक ठिकाणी असते. किती दिवस आणि कोणाकडे अर्ज करायचा, हे पॉलिसीच्या कागदांतच लिहिलेलं असतं. आज ते पान काढा. अर्ज लेखी करा, थेट कंपनीकडे पाठवा, पोच घ्या. सल्लागाराला फोन करून विचारत बसू नका, तो चार दिवस गोड बोलेल आणि मुदत निघून जाईल. कर्जावर सही झालेली नाही, ती करूच नका.

सल्लागार म्हणेल, 'तुम्हाला काही झालं तर कर्ज कोण फेडणार?' रास्त प्रश्न आहे. त्याचं उत्तर साधा मुदत विमा, ज्यात बचत नसते आणि म्हणून हप्ता अगदी थोडा असतो. पण तुमच्या बाबतीत मृत्यूपेक्षा जवळचा धोका दुसराच आहे. तुमचं उत्पन्न तुमच्या दोन हातांवर चालतं. मनगट तीन महिने प्लास्टरमध्ये गेलं तर क्लिनिक बंद आणि हप्ते चालू. आजारपणात किंवा अपघातात बुडणारं उत्पन्न भरून देणारा विमा तुमच्याकडे असल्याचा पत्रात कुठे उल्लेख नाही, आणि अडीअडचणीचा निधी एका महिन्यावर आलाय. जो पैसा याच दिवसासाठी ठेवला होता, तो तुम्ही पॉलिसीच्या हप्त्यात घातला. परत आलेली रक्कम आधी तिथेच ठेवा आणि निधी सहा महिन्यांच्या खर्चापर्यंत न्या.

आता यंत्र. दिवसाला ८ रुग्ण हा विक्रेत्यांचा आकडा आहे, तुमचा नव्हे. तुमचे १५ रुग्ण घ्या. शॉकवेव्ह हा पहिला उपचार नाही, व्यायाम आणि बाकी उपाय करूनही महिनोन् महिने न हटणाऱ्या दुखण्यासाठी तो आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने टाचदुखीसाठी या यंत्रांना मान्यता दिली तीही इतर उपाय करूनही सहा महिने न हटलेल्या दुखण्यापुरती. रक्त पातळ करणारी औषधं घेणारे, गरोदर स्त्रिया, त्या भागात गाठ असलेले हेही वगळा. १५ मधले ५ उरले तरी पुष्कळ. प्रत्येकी ४ सत्रं धरली की महिन्याला २०. विक्रेत्यांच्या हिशेबात २०० आहेत.

तीही २० निव्वळ कमाई नाहीत. तुमच्या अपॉइंटमेंट भरलेल्या आहेत, म्हणजे शॉकवेव्हला दिलेला वेळ दुसऱ्या रुग्णाकडून काढून घ्यावा लागणार. सेकंदाला १० या वेगाने २,००० ठोके साडेतीन मिनिटांत संपतात हे खरं, पण दुखरा बिंदू बोटाने शोधणं, जेल लावणं, नंतरचे व्यायाम दाखवणं धरून अर्धी अपॉइंटमेंट जातेच. तुमची नेहमीची फी शॉकवेव्हच्या निम्मी आहे, त्यामुळे प्रत्येक सत्रामागे पाव सत्राची कमाई बुडते. २० ची झाली १५.

१५ ने भागा. रेडियल २७ महिन्यांत वसूल, फोकस्ड ८० महिन्यांत, आणि हे व्याज न धरता. रेडियल तीन वर्षांच्या साध्या कर्जावर घेतलं तर हप्ता १३ च्या आसपास, म्हणजे जेमतेम निभावतं. फोकस्डमध्ये महिन्याला १५ येणार आणि २१ जाणार.

खोलीचं म्हणाल, तर १२ सेंटिमीटर हा आकडा फोकस्ड यंत्रांबाबत खोटा नाही. त्यात लाट शरीराच्या आत एका बिंदूवर एकवटते. रेडियलमध्ये दाबलेली हवा नळीतला धातूचा छोटा तुकडा पुढच्या टोकावर आदळवते, लाट त्वचेवर सर्वांत जोरदार असते आणि आत पसरत मंदावते, तीन-चार सेंटिमीटरपर्यंत तिचा उपयोग. पण तुमचे रुग्ण कोणते? टाच, कोपर, अकिलीस. ही दुखणी वरच्या दोन-तीन सेंटिमीटरमध्येच असतात. टाचदुखीसाठी अमेरिकेत २००० साली फोकस्ड यंत्राला मान्यता मिळाली आणि २००७ मध्ये रेडियललाही. खोल जाणारी लाट लागते ती न जुळलेल्या हाडांना किंवा खांद्यात कॅल्शियम साचलेल्यांना, आणि असे रुग्ण येतात ते अस्थिरोगतज्ज्ञांकडून. तसा एखादा तज्ज्ञ तुमच्याकडे नियमित रुग्ण पाठवत असेल तर त्याच्याबरोबर भागीदारीत फोकस्ड यंत्राचा विचार जरूर करा. पत्रात तसं काही नाही. खांद्याच्या भरवशावरही राहू नका : २०२० च्या कॉक्रेन आढाव्यात (झालेल्या वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणाऱ्या अभ्यासात) खांद्याच्या टेंडनच्या दुखण्यात या उपचाराने रुग्णाला जाणवेल असा फायदा फारसा दिसला नाही.

विक्रेत्यांच्या माहितीपत्रकातला, रेडियलचे 'बार' आणि फोकस्डचे 'मिलिज्यूल' (ऊर्जेचं माप) यांची तुलना करणारा तक्ता बाजूला ठेवा. बार हा यंत्रातल्या हवेचा दाब आहे, तो शरीरात किती ऊर्जा पोहोचते ते सांगत नाही. आणि फोकस्ड घेतलं तर लैंगिक दुर्बलतेच्या उपचारांचं जास्तीचं उत्पन्न मिळेल, असं जे सांगितलं गेलंय ते हिशेबात अजिबात धरू नका. अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशनने २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत तो वापर प्रायोगिक ठरवला आहे. प्रायोगिक उपचार विकून कर्जाचे हप्ते भरायचे, हे तुमच्या रुग्णांवर अन्याय करणारं आहे.

रेडियलला देखभाल नसते असं कोणी सांगितलं तर तेही खरं नाही. आतला तुकडा आणि नळी साधारण दहा लाख ठोक्यांनंतर बदलावी लागते. महिन्याला २० सत्रांचे ४० हजार ठोके, म्हणजे सुमारे दोन वर्षांनी तो खर्च येणार. बदलाच्या संचाची किंमत खरेदीआधीच लेखी मागा. वापरलेलं यंत्र मिळत असेल तर हँडपीसचे (हातात धरायच्या भागाचे) ठोके किती झालेत ते आधी पाहा.

निधी पूर्ण झाला की रेडियल यंत्र चार महिने भाड्याने आणा. किती रुग्ण पात्र ठरले, किती जण चारही सत्रांना आले, त्या वेळात कोणाला नाही म्हणावं लागलं, हे वहीत रोज लिहा. महिन्याला १५ ची निव्वळ भर खरंच पडली तर ३६ महिन्यांच्या साध्या हप्त्यांवर रेडियल घ्या. १० च्या आत राहिली तर भाड्यानेच चालू द्या.