पहिली सायन्स फिक्शन कादंबरी लिहिताना रोजचं लिखाण कसं जमवलंत आणि आपल्या संस्कृतीतलं काय घेतलंत?

प्रश्नाच्या शेवटी तुम्ही विचारलंय की पुराणातली विमानं, अस्त्रं वगैरे घेतली तर चालेल का. आधी त्याचंच सांगते कारण मी तेच केलं होतं. पहिल्या ड्राफ्टमधे एक विमान होतं, एक शाप होता आणि मंगळावर चक्क गुरुकुल होतं (हसू नका). मैत्रिणीनं चाळीस पानं वाचली आणि म्हणाली, अगं हे रामायणच आहे, फक्त सगळ्यांना हेल्मेट घातलंयस. आठवडाभर मी तिच्याशी बोलले नाही, मग ती चाळीस पानं गुपचूप डिलीट केली.

खरी कादंबरी सुरू झाली आजीमुळे. संकष्टी होती, आभाळ भरलेलं, पंचांगातली चंद्रोदयाची वेळ होऊन गेली तरी ही काही जेवायला बसेना, तर मी चेष्टेत म्हटलं, तू मंगळावर असतीस तर काय केलं असतंस? तिनं अगदी सरळ विचारलं, तिथं चंद्र किती वाजता उगवतो? आणि मला सांगता येईना. रात्री शोधत बसले. मंगळाला दोन चंद्र, फोबॉस आणि डीमॉस. त्यातला फोबॉस ७ तास ३९ मिनिटांत एक फेरी मारतो आणि मंगळाला स्वतःभोवती फिरायलाच साडेचोवीस तासांवर लागतात, म्हणून फोबॉस पश्चिमेला उगवतो, पूर्वेला मावळतो, आणि तेसुद्धा दिवसातून साधारण दोनदा. आता तिथी म्हणजे काय, तर चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढं जायला लागणारा वेळ. हे फोबॉसला लावलं तर एक तिथी भरते जेमतेम पंधरा मिनिटांची. एकादशी धरेपर्यंत द्वादशी! तिथं मला माझी कादंबरी सापडली, मंगळावरच्या वस्तीत पंचांग करणारी एक बाई.

मग वाचन सुरू झालं आणि खरं सांगायचं तर कादंबरीपेक्षा त्यातच जास्त मजा आली. शंकर बाळकृष्ण दीक्षितांचं 'भारतीय ज्योतिषशास्त्र' १८९६ सालचं, पेशानं शिक्षक असलेल्या माणसानं मराठीत लिहिलेलं, ते मी अडखळत अडखळत वाचलं. व्यंकटेश बापूजी केतकर, तेही शिक्षकच, त्यांनी १९११ मधे नेपच्यूनच्या पलीकडे ग्रह असावा असं गणितावरून मांडलं होतं आणि प्लूटो सापडला १९३० मधे (त्या गणिताचा आणि प्लूटोचा संबंध किती हा वेगळा वाद, त्यात शिरत नाही). मला भावली ती ही माणसं. शाळेत शिकवायचं आणि घरी येऊन ग्रहांची गणितं मांडत बसायचं. माझी नायिका तीच आहे, दिवसभर पाण्याच्या टाक्यांचं मेंटेनन्स आणि रात्री पंचांग.

भांडण पण तिथूनच मिळालं. आपल्याकडे अयनांश (राशीचक्र आकाशात नेमकं कुठून सुरू धरायचं ते ठरवणारा कोन) कुठला धरायचा यावरनं टिळक पंचांग वेगळं पडतं, काही वर्षी अधिक महिना वेगळा येतो आणि मग गणपती महिनाभर पुढेमागे होतात. माझ्या वस्तीत एक गट म्हणतो तिथी पृथ्वीच्याच चंद्राची पाळायची, दुसरा म्हणतो आपल्या डोक्यावर जो चंद्र आहे तो आपला, आणि बघता बघता वस्तीचे दोन तुकडे पडतात. व्हिलन लागलाच नाही. तेव्हा विमानं घ्या नाहीतर घेऊ नका, पण ती गोष्ट चालते कशी, तिच्यासाठी लोक भांडतात का, हे बघा.

रोजच्या लिखाणाचं म्हणाल तर शिस्त वगैरे काही नाही. नोकरी विमा ऑफिसात, पहाटे उठून लिहिणाऱ्यांबद्दल मला आदर आहे पण मी त्यातली नाही. निम्मी कादंबरी बसमधे फोनवर टाइप केली, थोडी व्हॉइस टायपिंगनं, पण त्याला फोबॉस म्हटलं की ते 'फोन बॉस' लिहायचं आणि शेजारची बाई वळून बघायची म्हणून ते बंद केलं. साडेतीन वर्षं लागली, चार ड्राफ्ट, एक लाख दहा हजार शब्दांवरनं बासष्ट हजारांवर आणली. मधले सात महिने तर एक ओळ लिहिली नाही, कारण एक भयंकर घोळ झाला होता. पाण्यासाठी बर्फ जवळ हवा म्हणून मी वस्ती ध्रुवाजवळ वसवली होती आणि दोनशे पानं झाल्यावर कळलं की फोबॉस मंगळाच्या इतका जवळनं फिरतो की साधारण ७० अंश अक्षांशाच्या वर तो क्षितिजावर येतच नाही! ज्या चंद्रावरनं गाव भांडतंय तो गावाला दिसतच नाही. अख्खी वस्ती उचलून खाली आणली, पाण्याचं सगळं परत लिहिलं.

भाषेचं थोडक्यात. आधी मी 'वायुबंध कक्ष' असलं लिहायचे, मग वाटलं दार अडकलंय म्हणून ओरडणारा माणूस असं बोलेल का, तो एअरलॉकच म्हणेल. पण तिथी, क्षय, वृद्धी, अधिक हे शब्द आहेत तसेच ठेवले, ते आपले टेक्निकल शब्द आहेत आणि इतके नेमके आहेत की शोधावे लागत नाहीत.

प्रकाशक मिळायला वेळ लागला, दोघांनी न वाचताच विज्ञानकादंबरी खपत नाही म्हणून सांगितलं. तुम्ही नव्यानं लिहीत असाल तर आधी कथा लिहून स्पर्धेला पाठवा, जयंत नारळीकरांनीसुद्धा १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत टोपणनावानंच कथा पाठवली होती.

आणि छापून आल्यावर पहिला फोन आला तो एका रिटायर्ड गृहस्थांचा. कौतुक नाही काही नाही, थेट म्हणाले, बाई तुम्ही डीमॉसची तिथी काढताना सूर्याची गती धरलीच नाही. मी म्हटलं कितीसा फरक पडतो, डीमॉसचा महिनाच मुळी तीस तासांचा. ते म्हणाले महिन्याला तीन मिनिटं, पण मंगळाचं एक वर्ष जाऊ द्या, तुमचं पंचांग बरोब्बर एक महिना चुकतं. कॅल्क्युलेटर घेऊन बसले, त्यांचं बरोबर होतं. दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्त करतेय.