बेकारी भत्त्याच्या अर्जाचं पान: सुरुवातीला एवढंच बघा

वेबसाइटचं पान डिझाइन करायचं हे तुमचं पहिलंच काम आहे ना, मग रंग-चित्रं सध्या बाजूला ठेवा. नोकरी गेलेला माणूस हे पान बहुधा मोबाइलवर, धास्तावलेल्या मनाने उघडतो. सगळ्यात वर एकच ठळक बटण द्या: 'नवीन अर्ज करा'.

- लागणारी माहिती आधीच सांगा: आधीच्या कंपनीचं नाव, कामाच्या तारखा, बँक खातं.
- अर्धवट अर्ज सेव्ह व्हायलाच हवा. भरलेलं सगळं पुसलं गेलं की लोक वैतागून फोनच लावतात.
- चूक झाली की नुसतं 'अवैध नोंद' दाखवू नका. नेमकं काय चुकलं ते लिहा.

नवखे हमखास नियमांची भाषा जशीच्या तशी चिकटवतात. ती कुणी वाचत नाही! फिकट राखाडी अक्षरंही टाळा. कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षरं आणि मागचा रंग यांच्या उजळपणातला फरक, किमान ४.५:१ हवा. चॅटबॉटचं, म्हणजे आपोआप उत्तरं देणाऱ्या चॅटचं, नंतर बघू. आधी एखाद्या अनोळखी माणसाला अर्ज भरायला द्या, आणि मध्ये बोलू नका.