खांदा दुखतोय, हात हलवू की नको?

प्रश्न: खांद्याला मार लागून महिना झाला, हाड ठीक आहे म्हणाले पण हात वर नेला की कळ येते म्हणून मी हलवतच नाही, चालेल ना?

उत्तर: अहो नाही, असाच ठेवलात तर खांदा आखडून बसेल. चांगला हात टेबलावर टेकून पुढे वाका, दुखरा हात सैल सोडा आणि अंग हलकेच झुलवा म्हणजे हात आपोआप लोलकासारखा फिरतो, त्याला जोर लावायचा नाही. मग बोटं भिंतीवरून हळूहळू वर चढवा, पण खांदा कानाकडे उचलला जातोय का बघा, बरेच जण तिथेच चुकतात. थोडा ताण चालेल, टोचणारी कळ नको. रबर बँड ताणायचे व्यायाम एवढ्यात नकोतच. हात उचलताच येत नसेल किंवा मुंग्या येत असतील तर मात्र आधी डॉक्टरांना दाखवा.