पणजीला पाहुण्या म्हणून जाताना

फोंडा, गोवा

चि. बाय,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. येत्या नोव्हेंबरात तुला तीस वर्षे पूर्ण होत आहेत आणि त्या निमित्ताने कोल्हापूरची ताई, डोंबिवलीची मधली आणि तू अशा तिघींनी दोन रात्री पणजीत राहून गाणे ऐकायचे ठरवले आहे, हे वाचून फार आनंद झाला. साखळीहून तासाभराच्या वाटेवर असलेल्या गावात खोली घेऊन राहणे घरच्यांना विचित्र वाटेल का, असे तू विचारले आहेस. मला ते मुळीच विचित्र वाटत नाही. तुम्ही पणजी पाहिली ती कॉलेजचे फॉर्म, सरकारी दाखले आणि डॉक्टरांच्या वेळा यांच्यापुरती. कदंब बसस्थानकावर उतरायचे, काम उरकायचे आणि दिवेलागणीच्या आत परतायचे, हीच तुमची रीत होती. संध्याकाळी सातनंतर गाणारी पणजी तुम्हा तिघींच्याही वाट्याला कधी आली नाही. ती आता पाहुण्या म्हणून जाऊन पाहा.

आधी तारखांचे बोलते, कारण तिथे चुकलीस तर पुढचे सगळे बिघडेल. नोव्हेंबरच्या २० तारखेच्या सुमारास आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव सुरू होतो. २००४ पासून तो गोव्यात भरतो आणि त्या आठवड्यात पणजीत धड खोली मिळत नाही. मिळालीच तर दर ऐकून ताई परत जायला निघेल. त्याच्या पाठोपाठ, २४ नोव्हेंबरपासून, जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियरच्या फेस्ताचे नोवेना, म्हणजे सणाआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थना, लागतात आणि ३ डिसेंबरपर्यंत त्या रस्त्यावर माणसांची रीघ असते. म्हणून महिन्याचा पहिला पंधरवडा धर, मग वाढदिवसाची नेमकी तारीख हुकली तरी चालेल. सुरश्री केसरबाई केरकर संगीत समारोहही साधारण नोव्हेंबरातच होतो; कला अकादमीत विचारून त्याच्या तारखा आधी पक्क्या कर आणि जमल्यास बाकीचे त्यांच्याभोवती बसव. त्रिपुरारी पौर्णिमेची रात्र मात्र सोडून दे. त्या रात्री विठ्ठलापूरला वाळवंटीच्या पात्रात दिव्यांच्या होड्या सुटत असताना ताईला पणजीत बसवून ठेवणे हा तिच्यावर अन्याय होईल.

आता मुख्य मुद्दा. तू पाठवलेल्या वेळापत्रकात शनिवार सकाळपासून रविवार रात्रीपर्यंत मी अकरा ठिकाणे मोजली. त्यांतली आठ काढून टाक. दोन दिवसांत एक मैफल, पण ती पहिल्या सुरापासून भैरवीपर्यंत, तिघींनी शेजारी शेजारी बसून ऐकायची, एवढे एकच पक्के ठेव आणि बाकी दिवस तिच्या आगेमागे मोकळा सोड. हे मी एवढ्या आग्रहाने का सांगते, त्याला कारण आहे.

माझ्या पन्नासाव्या वाढदिवसाला आम्ही तिघी बहिणी डिसेंबरात पुण्याला सवाई गंधर्व महोत्सवाला गेलो होतो. भीमसेनजींनी १९५३ साली गुरूच्या स्मरणार्थ सुरू केलेला तो महोत्सव पाहायचे माझे तरुणपणापासूनचे स्वप्न होते. इतक्या वर्षांनी घराबाहेर पडलोच आहोत तर सगळेच पाहून घेऊ, या हव्यासापायी मी सकाळी शनिवारवाडा, दुपारी लक्ष्मी रोड, मध्ये दोन नातेवाइकांची घरे आणि संध्याकाळी मंडप असा दिवस आखला. मंडपात पोहोचेपर्यंत थोरल्या ताईचे गुडघे सुजले होते आणि ज्या गायिकेसाठी ती मुख्यतः आली होती, तिचा ख्याल विलंबितात जेमतेम उलगडू लागला असताना ताई उठून बाहेर गेली. धाकटी तिच्या सोबतीला गेली. मी हट्टाने बसून राहिले आणि मला त्या गाण्यातले काही आठवत नाही. आज ताईला जवळजवळ ऐकू येत नाही. यंत्र लावले तर बोलणे थोडे कळते, पण गाणे त्या यंत्रातून पत्र्यावर खडे पडावेत तसे येते, असे ती म्हणते. तिने प्रत्यक्ष समोर बसून ऐकण्याची ती अखेरची मोठी मैफल होती आणि माझ्या आखणीमुळे ती तिला अर्धीच मिळाली. तुझ्या ताईला पंचेचाळिसावे लागले आहे. तिचे पाय, तिची झोप, तिची भूक यांचा हिशेब आधी कर आणि मगच फिरण्याचा.

मैफलीच्या दिवशी दुपारी तिघींनी झोपावे. कांपालला कला अकादमीत तासभर आधी पोहोचा. चार्ल्स कोरियांनी आखलेली ती वास्तू मांडवीकडे अशी उघडी ठेवलेली आहे की नाट्यगृहात शिरण्याआधीच माणसाचा आवाज आपोआप खाली येतो. तिथे नदीकाठी चहा घ्या आणि त्या वेळात मधलीला थोडे सांगून ठेव. तिला शास्त्रीय संगीताची सवय नाही. पहिल्या वीस मिनिटांत ती कंटाळेल आणि फोन काढेल. तिला रागाचे नाव, आरोह-अवरोह असले काही शिकवू नकोस. एवढेच सांग की समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, लक्ष ठेव: गायिका कितीही दूर भटकली तरी ती कुठल्या वाटेने समेला परत येते ते पाहा. तीन-चार आवर्तने हे जमले की मान आपोआप हलू लागते. मी आजवर शिकवलेल्या मुलींपैकी निम्म्याजणींना ऐकायला असेच बसवले आहे. फोन पिशवीत बंद असावेत. ध्वनिमुद्रण करणारा माणूस ते पुढे फारसे ऐकत नाही, आणि आत्ताचेही त्याच्या हातून निसटते.

जाण्याआधी एका संध्याकाळी तिघींनी फोनवर एकत्र येऊन केसरबाईंची भैरवी ऐका, 'जात कहाँ हो'. जेमतेम साडेतीन मिनिटांची आहे. आपल्या फोंडा तालुक्यातल्या केरीत १८९२ साली जन्मलेल्या या बाईंचा तो आवाज १९७७ साली अवकाशात सोडलेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकड्यांवर कोरलेला आहे. त्यांतले नंतर सुटलेले यान ५ सप्टेंबरला उडाले आणि १६ सप्टेंबरला बाई गेल्या. कुर्डीच्या गायिका मोगूबाईही त्यांच्यासारख्याच जयपूर घराण्याच्या अल्लादियाखाँसाहेबांच्या शिष्या. मोगूबाईंचे हे गाव साळावली धरणाच्या पाण्याखाली गेले आणि दर उन्हाळ्यात पाणी ओसरले की काही दिवस त्याचे अवशेष वर येतात. देवळांच्या सेवेतील कलावंत घराण्यांतल्या स्त्रियांनी हे गाणे सांभाळले आणि त्याबद्दल समाजाने त्यांना कित्येक पिढ्या बरोबरीची जागा दिली नाही, हेही बहिणींना सांग. आपण सभागृहात ताठ मानेने बसून ऐकतो त्यामागे कोणाचे काय गेले, हे ठाऊक असलेले बरे.

दुसरी संध्याकाळ मधलीच्या आवडीला दे. तिला जुनी हिंदी चित्रपटगीते तोंडपाठ आहेत ना? मग तिला सांग की त्या गाण्यांतली व्हायोलिनची दाट वाद्यमेळ रचना ज्यांनी कागदावर उतरवली, त्यांतले कितीतरी जण गोव्याचे होते. शंकर-जयकिशनच्या गाण्यांचे वाद्यवृंद बांधणारे सेबॅस्टियन डिसोझा, माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड. चर्चच्या शाळांतून लहानपणीच स्वरलिपी वाचायला शिकलेल्या मुलांच्या पिढ्या मुंबईला गेल्या आणि तिथल्या स्टुडिओंत बसल्या. फोंतांयश या पणजीतल्या जुन्या वस्तीच्या गल्ल्यांतून हिंडताना एखाद्या खिडकीतून व्हायोलिनचा रियाझ ऐकू आला, तर हे सगळे तिला एकदम जवळचे वाटेल. पणजीत फादो ही पोर्तुगीज गाणी आणि मांडो ही आपली कोकणी गाणी यांच्या लहान बैठका होतात; तिथे तीस-चाळीस माणसांत बसून बारा तारांची पोर्तुगीज गिटार ऐका. फादोची भाषा कळणार नाही, तरी विरहिणी ऐकत वाढलेल्या ताईला तो भाव ओळखायला वेळ लागणार नाही. मांडोबरोबर घुमट वाजते, तेच आपल्या आरत्यांना वाजणारे घुमट. पूर्वी त्याच्या मडक्यावर घोरपडीचे कातडे ताणत. वन्यजीव कायद्यामुळे ते बंद झाले आणि आता बकऱ्याचे वापरतात. आवाज थोडा बदलला आहे, पण तो तसाच असावा. घोरपड जगली पाहिजे.

उघड्यावरचे ध्वनिक्षेपक साधारणपणे रात्री दहाला बंद करावे लागतात, म्हणून बाहेरचे जे काही असेल ते लवकर गाठा. सांता मोनिका जेटीवरून सुटणाऱ्या नाचगाण्याच्या होडीवर जाऊ नका असे मी म्हणेन. तिथल्या कर्ण्यांपुढे तिघींना एकमेकींशी एक वाक्य बोलता येणार नाही. त्याऐवजी रविवारी सकाळी रायबंदरहून फेरीबोटीने दिवाडी बेटावर जाऊन या. परतल्यावर रस्त्याकडेच्या गाड्यावर रस ऑम्लेट आणि उंडे खायचे की शाकाहारी खानावळीत भाजीपाव, हे त्या वेळच्या भुकेवर सोडा.

पैशांविषयी मी स्पष्ट लिहिते. तुम्हा तिघींची मिळकत सारखी नाही. ताईच्या हातात स्वतःचा पगार नाही आणि घरखर्चातून वाचवलेले चार पैसे ती तुझ्या भेटवस्तूवर आधीच घालवेल. हिशेब शेवटी करायचा ठरलात तर ती प्रत्येक जेवणाला "मला फारशी भूक नाही" म्हणेल आणि ते तुम्हाला उशिरा कळेल. तू बोलावते आहेस, तेव्हा खोलीचे भाडे तू दे आणि ते आधीच सांगून टाक. जेवणखाण आणि रिक्षासाठी तिघींनी सारखी, ताईला सहज झेपेल एवढीच रक्कम एका बटव्यात घालावी आणि तो बटवा मधलीकडे द्यावा. ती हिशेबाला चोख आहे आणि तुझ्या वाढदिवशी तुझ्या डोक्यावर तो भार नको. खोली एकच घे. तिसरी गादी खाली घालून देतात. दोन खोल्यांत झोपलेल्या बहिणी गप्पा अर्ध्यावर टाकतात.

आणि घराच्या वाटणीचा विषय या तीन दिवसांत काढू नका. गोव्याच्या कायद्याने मुलींनाही बरोबरीचा वाटा आहे, त्यामुळे साखळीच्या घराच्या कागदांवर तुम्हा तिघींच्या सह्या लागणार आणि तो प्रश्न आज ना उद्या येणारच. त्यासाठी वेगळा दिवस ठरवा, भाऊ समोर असू दे आणि वकीलही असू दे. गाण्याहून परतताना मन हळवे झालेले असते, आणि अशा वेळी एखादी बहीण न मागता हक्क सोडून बसते. मी हे आमच्या घरात पाहिले आहे.

सोमवारची रजा मात्र नक्की काढ. सोमवारी संध्याकाळी मंगेशीला पालखी निघते. वाजंत्री, दिवे आणि प्रदक्षिणा, सगळे आरतीच्या आधी. याच गावात १९०० साली दीनानाथ मंगेशकर जन्मले आणि जितेंद्र अभिषेकीही याच गावचे. लता, मीना, आशा, उषा या चौघी बहिणींचे आडनाव या गावावरून आले, हे तुला ठाऊकच आहे. पण तिघी बहिणी मिळून तिथल्या दीपमाळेपाशी उभ्या राहाल तेव्हा ते तुम्हाला वेगळेच जाणवेल. मधलीला कोकण रेल्वेने परतायचे असेल तर मंगळवारी सकाळी करमळी स्थानक सोयीचे पडेल.

पालखीच्या आधी, दुपारी, तुम्ही तिघींनी माझ्याकडे जेवायला यायचे आहे. खतखते आणि सोलकढी करीन. मनगणे तुला आवडते, तेही करीन. तानपुरा जुळवून ठेवते. तुझ्या लहानपणी तिघी मिळून म्हणत होतात ती गवळण पुन्हा म्हणायची आहे. ताईने खालच्या सुरात, तू वरच्या, आणि मधलीने टाळ धरायचा. माझी थोरली ताईही त्या दिवशी इथेच असेल. तिला तुमचे शब्द कळणार नाहीत, म्हणून तिला पेटीच्या अगदी जवळ बसवू आणि तिचा तळवा पेटीच्या लाकडावर ठेवू. भाता हलला की ती डोळे मिटून घेते आणि कुठली पट्टी आहे ते बहुतेक वेळा बरोबर सांगते. किती वाजेपर्यंत पोहोचाल ते रविवारी रात्री कळव, म्हणजे भात वेळेवर टाकता येईल.

तुझी,
बाई