पारंपरिक धनुष्याने हवेत फेकलेल्या चकतीवर नेम कसा साधायचा?

तुमचं म्हणणं असं, की बिनसाइटच्या (नेम धरायची खूण नसलेल्या) धनुष्याने १५ मीटरवरच्या स्थिर टार्गेटवर बाण बरे लागतात, पण फोमची चकती हवेत फेकली की बाण कधी वरून जातो, कधी मागून. तर पुढे किती धरायचं?

वरून जाणं आणि मागून जाणं हे दोन वेगळे दोष आहेत. आधी वरचा घेऊ. तिथे चूक नेमाची नसून वेळेची असते.

ओढायला ३०-३५ पाउंड जोर लागणाऱ्या धनुष्यातून बाण सेकंदाला साधारण ४५ मीटर वेगाने सुटतो. १२ मीटर कापायला त्याला पाव सेकंदाहून किंचित जास्त लागतं. चकती वर जाते, माथ्यावर क्षणभर थांबल्यासारखी दिसते आणि नेमका तेव्हाच बाण सोडायचा मोह होतो. पण बाण पोचेपर्यंत ती सुमारे ३५ सेंटीमीटर खाली आलेली असते. चकतीचा व्यासच ३५ सेंटीमीटर असेल तर बाण वरून साफ निघून जाणार. तुमचा हात स्थिर टार्गेटच्या सवयीने बाणाची घसरण आधीच भरून काढतो, त्यामुळे बाण तुम्ही बघितलंत तिथेच जातो. चकती मात्र तिथे उरलेली नसते.

उपाय म्हणजे माथ्याच्या जरा आधी सोडायचं. माथ्याच्या ०.१३ सेकंद आधी चकती जितक्या उंचीवर असते, तितक्याच उंचीवर ती माथ्यानंतर ०.१३ सेकंदांनी परत येते. मधल्या वेळात बाण पोचतो. म्हणजे चढ मरत आलेला असताना सोडलेला बाण सरळ चकतीकडे बघूनच सोडायचा, काही पुढे-मागे धरायचं नाही. त्यात बोटांना हुकूम पोचायला ०.२ सेकंद जातात, म्हणून ‘सोड’ हा निर्णय चकती अजून अर्धा मीटर चढायची असतानाच व्हायला हवा. सुरुवातीला हे फारच लवकर वाटतं. तसं वाटू द्या.

एवढ्या वेळेत बसायचं तर अँकरवर, म्हणजे ओढलेला हात चेहऱ्याला टेकतो तिथे, थांबून नेम घेणं सोडावं लागतं. बाण दोरीवर चढवलेला, धनुष्य कमरेखाली, टोक पुढच्या जमिनीकडे, दोरीवर बोटांचा हलका ताण. चकती हातातून सुटली की पहिला एक-तृतीयांश सेकंद फक्त बघायचं, दोन्ही डोळे उघडे. मग धनुष्य वर येणं आणि ओढणं एकाच हालचालीत. बोट ओठाच्या कोपऱ्याला लागलं की दोरी सुटलीच पाहिजे. नजर पूर्ण चकतीवर ठेवू नका, तिच्यावर रंगवलेल्या एका ठिपक्यावर ठेवा. बाणाच्या टोकाकडे डोळा गेला की हात थांबतो, आणि वेळ गेली.

वर मारताना वाकायचं कमरेतून. फक्त डावा हात उचलला तर खांद्यांची रेषा मोडते, ओढ दोन-चार सेंटीमीटर कमी पडते आणि बाण खालून जातो. धनुष्य थोडं तिरकं धरा, म्हणजे बाण शेल्फवर (मुठीच्या वरच्या खाचेवर) टेकून राहतो. नॉक (बाणाच्या मागच्या टोकाची खाच) दोरीवर टक् करून बसणारा हवा. ढिला असेल तर या झटक्यात बाण दोरीवरून निसटतो आणि रिकामी दोरी सुटून धनुष्य तडकू शकतं.

आता मागून जाणारा बाण. हा आडव्या हालचालीचा दोष, आणि तो घालवायला हवेपेक्षा जमीन बरी. चकती २ मीटर दोरीने टांगून झोका द्या. एक पूर्ण फेरी २.८ सेकंदांची होते. आधी टोकाला, जिथे ती थांबते तिथे मारा. वेळेचा वरचाच हिशोब इथे निवांत समजतो. मग मधून जाताना. त्यानंतर चकती जमिनीवरून घरंगळवा. सेकंदाला ३ मीटर वेग आणि १० मीटर अंतर असेल तर बाण पोचेपर्यंत ती सुमारे ६७ सेंटीमीटर सरकते, म्हणजे जवळजवळ दोन चकत्या पुढे.

पण हा आकडा जसाच्या तसा घेऊ नका. धनुष्य मागून आणत चकतीला ओलांडून, फिरतं असतानाच सोडलंत, तर निर्णय आणि सुटका यांच्या मधल्या वेळात धनुष्य आपोआप पुढे सरकतं आणि डोळ्यांना एकच चकती अंतर दिसतं. धनुष्य पुढे नेऊन थांबवून मारणाऱ्याला पुरं अंतर धरावं लागतं. म्हणून दोन जाणकार दोन आकडे सांगतात आणि दोघेही बरोबर असतात. मी फिरत्या धनुष्याच्या बाजूचा आहे, कारण फेकीचा वेग दरवेळी बदलतो आणि फिरता हात तो आपोआप पकडतो. अट एकच: दोरी सुटल्यावरही हात फिरत राहिला पाहिजे. मागून गेलेल्या दहा बाणांतले आठ-नऊ, माझ्या मते, सुटताना धनुष्य थबकल्यामुळे गेलेले असतात. मोबाइल मागे ठेवून स्लो-मोशनमध्ये चित्रण करा; सेकंदाला २४० फ्रेमच्या चित्रणात हे थबकणं लगेच दिसतं.

बाण फ्लू-फ्लूच, म्हणजे मोठ्या पिसांमुळे लवकर मंदावणारे, हवेत. बारा-तेरा सेंटीमीटर लांब, न कापलेली उंच पिसं, चार किंवा सहा, सगळी एकाच बाजूच्या पंखाची. पहिले २० मीटर तो ठीक जातो, मग हवा त्याला अडवते. पिसांऐवजी प्लास्टिकचे व्हेन (पाती) लावू नका, ते शेल्फवर आपटून बाण भरकटतो. टोकाला रबरी ब्लंट, म्हणजे बोथट टोपी. टोकदार बाण चकतीत रुततो आणि दोघं खाली आपटतात तेव्हा बाण मोडतो. प्रत्येक बाण उचलल्यावर वाकवून, कानाजवळ धरून कुरकुर येते का बघा. आली तर तो बाद.

चकती बंद-पेशींच्या फोमची, ५ सेंटीमीटर जाड. फेकणारा तुमच्या रेषेच्या एक पाऊल मागे, छातीच्या बाजूला, दोन हात अंतरावर. त्याने दोन्ही हातांनी खालून, चकतीचं तोंड तुमच्याकडे राहील अशी, ८-१० मीटर पुढे आणि ४-५ मीटर उंच फेकायची. फ्रिस्बीसारखी फिरवून फेकली तर ती तरंगते आणि वेळेचा सगळा हिशोब बिघडतो. जोराचा वारा असेल तर त्या दिवशी झोक्यावरच सराव करा.

साधा बाण असा वर मारला तर सहज शंभर मीटरच्या पुढे जातो. फ्लू-फ्लू खूप अलीकडे पडतो, पण तुमचा नेमका किती जातो हे आधी मोकळ्या मैदानात मोजा आणि त्याच्या दुप्पट जागा रिकामी ठेवा. डोक्यावर सरळ वर बाण कधीच सोडायचा नाही. आधी ठरवून ठेवलेल्या कोनाच्या वर चकती गेली तर ती फेक सोडून द्यायची. पक्षी दिसला तर धनुष्य खाली.

एका वेळी २०-२५ फेकी पुरेत. त्यापुढे खांदा थकून ओढ कमी होते, आणि बाण खालून जायला लागले की वेळ चुकली की ओढ, हे कळेनासं होतं.