मुलगा स्वतःच्या पायाने आला, मग गुन्हा माझा कसा?

प्रश्न : मी 27 वर्षांचा असून हिंगणघाट तालुक्यातील एका गावात राहतो. बी.ए. झालो, नोकरी लागली नाही, म्हणून फाट्यावर पानठेला टाकला. जवळच शाळा व कनिष्ठ महाविद्यालय आहे. तीन वर्षांपूर्वी एका सिगारेट कंपनीच्या माणसाने ठेल्यावर पाकिटाचे चित्र असलेला, आतून दिवा लागणारा बोर्ड बसवून दिला. त्याचे महिन्याला 500 रुपये मिळतात. अकरावीतला सोळा वर्षांचा एक मुलगा माझ्याकडून सुट्या सिगारेटी उधारीवर नेत असे. त्याच्या वडिलांनी तक्रार केली, पोलिसांनी बोर्ड नेला आणि मला चौकशीला हजर राहण्याची नोटीस दिली. मुलगा स्वतःच्या पायाने आला, मी कोणाच्या हातात सिगारेट कोंबली नाही. मीसुद्धा पंधराव्या वर्षी सुरू केली, पण कोणाला दोष दिला नाही. आमच्या जिल्ह्यात दारूबंदी आहे, सिगारेट तर कायदेशीर आहे. मग गुन्हा कसला? सरपंच म्हणतात, आपसात मिटवून टाका. आणि उधारीचे 340 रुपये कोणाकडे मागायचे?

उत्तर : मुलगा स्वतःच्या पायाने आला, हे वाक्य तुम्ही बचाव म्हणून लिहिले आहे, परंतु न्यायालयात ते तुमच्या कामी येणार नाही, कारण त्यातून विक्री झाली होती एवढीच गोष्ट पक्की होते. सिगारेट विकणे कायदेशीर आहे हे तुमचे म्हणणे खरे आहे, पण अपुरे आहे. सिगारेट आणि इतर तंबाखूजन्य उत्पादने अधिनियम, 2003, ज्याला व्यवहारात सगळे कोटपा म्हणतात, त्याच्या कलम 6 प्रमाणे अठरा वर्षांखालील व्यक्तीला कोणतेही तंबाखूजन्य उत्पादन विकता येत नाही आणि शैक्षणिक संस्थेपासून शंभर यार्डांच्या, म्हणजे सुमारे 91 मीटरच्या आत ते कोणालाच विकता येत नाही. हे अंतर रस्त्याच्या वळणाने मोजत नाहीत; संस्थेच्या कुंपणाच्या बाहेरच्या कडेपासून सरळ रेषेत मोजतात. तुमच्या ठेल्यापासून शाळेचे कुंपण नेमके किती दूर आहे हे तुम्ही लिहिलेले नाही. ते आजच टेप लावून मोजून घ्या, कारण ठेला त्या अंतराच्या आत असेल तर प्रौढ गिऱ्हाइकाला केलेली प्रत्येक विक्रीसुद्धा उल्लंघनच ठरते आणि मग ठेला हलवण्यावाचून मार्ग उरत नाही.

गिऱ्हाईक अठरा वर्षांचे आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी नियमांनी विक्रेत्यावर टाकली आहे. शंका असेल तर वयाचा पुरावा मागायचा असतो. तुमच्या बाबतीत शंकेलाही जागा नव्हती, कारण मुलगा गावातला, शाळा समोरची आणि त्याचे नाव तुमच्या वहीत. कलम 6 च्या उल्लंघनाला दंड फक्त 200 रुपयांपर्यंत आहे आणि ते तडजोडयोग्य, म्हणजे खटला न चालवता रक्कम भरून मिटवता येण्याजोगे, आहे. बहुतेक पानठेलेवाले एवढेच ऐकून असतात आणि 200 रुपयांचे प्रकरण समजून निश्चिंत राहतात. परंतु बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, 2015 च्या कलम 77 नुसार वैद्यकीय सल्ल्याशिवाय बालकाला तंबाखूजन्य पदार्थ देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सश्रम कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. या कायद्यात बालक म्हणजे अठरा वर्षे पूर्ण न झालेली व्यक्ती. 2021 च्या दुरुस्तीनंतर हा गुन्हा अदखलपात्र झाला असला, म्हणजे तपासासाठी पोलिसांना दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागत असला, तरी तो अजामीनपात्रच आहे. म्हणून नोटिशीत नेमकी कोणती कलमे लिहिली आहेत हे सर्वांत आधी पाहा. कलम 77 असेल तर पोलीस ठाण्यात जाण्यापूर्वी वकिलाला भेटून अटकपूर्व जामिनाचा विचार करावा लागेल. वकिलाची फी परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा.

सुट्या सिगारेटीचा मुद्दा तुम्ही ओघात लिहून गेलात, पण तोही लहान नाही. सिगारेट व बिडी सुटी विकण्यास महाराष्ट्र शासनाने सप्टेंबर 2020 मध्ये बंदी घातली. पाकिटाच्या दर्शनी भागाचा 85 टक्के हिस्सा व्यापणारा इशारा सुटी सिगारेट घेणाऱ्याच्या नजरेसच पडत नाही, आणि अख्खे पाकीट घेण्याइतके पैसे ज्याच्या खिशात नसतात तो विद्यार्थी नेमका सुटीच घेतो. पत्रात तुम्ही खर्ऱ्याचा, म्हणजे सुपारी, तंबाखू व चुना घोटून केलेल्या मिश्रणाचा, उल्लेख केलेला नाही, पण आपल्या भागातला ठेला खर्ऱ्यावाचून क्वचितच चालतो. सुगंधी तंबाखू ठेवत असाल, तर अन्न सुरक्षा कायद्याखाली 2012 पासून राज्यात गुटख्यावर आणि पुढे अशा पदार्थांवरही बंदी आहे, हे ध्यानात घेऊन ते ताबडतोब बंद करा.

आता बोर्डाविषयी. कोटपाच्या कलम 5 ने तंबाखूची जाहिरात करण्यास मनाई केली आहे आणि पैशाच्या मोबदल्यात अशी जाहिरात आपल्या जागेवर लावू देणे किंवा राहू देणे हेही त्याच मनाईत येते. दुकानाच्या दारावर किंवा आत फलक लावण्याची सवलत आहे, पण तो 60 बाय 45 सेंटिमीटरपेक्षा मोठा नसावा, त्यावर आरोग्याचा इशारा असावा, फक्त उत्पादनाचा प्रकार लिहिलेला असावा, आणि त्यावर ब्रँडचे नाव, पाकिटाचे चित्र किंवा मागून प्रकाश नसावा, असे नियम सांगतात. तुमचा बोर्ड यातल्या दोन अटी तर उघडच मोडतो. मुंबई उच्च न्यायालयाने 2006 मध्ये या कडक अटींना दिलेली स्थगिती सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये उठवली, त्यामुळे तीन वर्षांपूर्वी तुमच्या ठेल्यावर बोर्ड ठोकणाऱ्या कंपनीच्या माणसाला नियम ठाऊक नव्हता, हे मी मानायला तयार नाही. या गुन्ह्याला पहिल्या वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा 1000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. गुन्हा जामीनपात्र आहे. कलम 26 खाली कंपनी आणि तिचा कारभार पाहणारे अधिकारीही आरोपी होऊ शकतात. म्हणून कंपनीच्या माणसाशी झालेले व्हॉट्सॲपवरचे बोलणे, बोर्ड बसवतानाचे फोटो आणि दरमहा 500 रुपये जमा झाल्याच्या नोंदी जपून ठेवा व वकिलाच्या हवाली करा. त्यातून तुम्ही निर्दोष ठरणार नाही, पण जाहिरात कोणी केली आणि कोणाच्या फायद्यासाठी केली, हे न्यायालयासमोर येईल. एरवी अशा प्रकरणांत ठेलेवाला एकटाच पिंजऱ्यात उभा राहतो, आणि मला ते मनापासून अन्यायाचे वाटते.

तुमच्या पत्रातील ज्या मुद्द्याने मला सर्वांत जास्त विचार करायला लावले तो वैयक्तिक जबाबदारीचा. सिगारेट ओढणाऱ्याची स्वतःची काहीच जबाबदारी नाही, असे मी म्हणत नाही. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात एक खटला गाजला होता. त्यातील महिलेने 1942 मध्ये, सोळाव्या वर्षी, सिगारेट सुरू केली होती आणि 1984 मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने तिचा मृत्यू झाला. 1988 मध्ये ज्यूरीने दोषाचा 80 टक्के वाटा तिच्यावर व 20 टक्के कंपनीवर ठेवला, तिच्या पतीला 4 लाख डॉलर देण्याचा निकाल दिला, आणि तोही पुढे अपिलात टिकला नाही. प्रौढपणीही सवय चालू ठेवणाऱ्याकडे कायदा किती कठोरपणे पाहू शकतो, हे त्यावरून कळते. पण तो भरपाईचा दिवाणी दावा होता. तुमच्यावरचा आरोप फौजदारी आहे, आणि अठरा वर्षांखालील मुलाच्या बाबतीत आपला कायदा अशी टक्केवारी मांडतच नाही. मुलाची इच्छा होती की नव्हती, हा प्रश्नच तेथे विचारला जात नाही, कारण त्या वयातील इच्छेला संमती मानायचे नाही असे संसदेने ठरवले आहे, आणि विकत घेतल्याबद्दल कोटपाने मुलाला शिक्षाही ठेवलेली नाही.

हे ठरवण्यामागे कारण आहे. धूम्रपान करणाऱ्यांपैकी बहुतेकांची सुरुवात विशीच्या आत झालेली असते, पंचविशीनंतर क्वचितच कोणी पहिली सिगारेट पेटवतो, आणि निकोटिनची सवय जडली की सोडण्याचा निर्णय आधीसारखा मोकळा राहत नाही. जुनी गिऱ्हाइके सोडतात किंवा मरतात, त्यांची जागा भरून काढायची तर नवे गिऱ्हाईक याच वयात मिळवावे लागते. शाळेजवळच्या ठेल्यावर दिव्याचा बोर्ड फुकट बसवून वर दरमहा पैसे देण्यामागे याहून वेगळा हिशेब मला दिसत नाही. तुम्ही पंधराव्या वर्षी सुरुवात केलीत आणि कोणाला दोष दिला नाहीत, असे अभिमानाने लिहिता. त्या वर्षी तुम्हाला सिगारेट कोणी विकली आणि बारा वर्षांत तुम्ही ती सोडून पाहिली का, एवढे स्वतःला विचारून पाहा. उत्तर मला कळवण्याची गरज नाही. सोडायची असेल तर 1800-11-2356 हा केंद्र सरकारचा मोफत क्रमांक पाकिटावरच छापलेला असतो. त्या मुलाच्या वडिलांनाही तो कोणाकरवी कळवा, कारण मुलाची स्वतःची जबाबदारी जर काही असेल तर ती सवय सोडण्याची आहे, आणि त्यासाठी त्याला मारझोडीपेक्षा मदतीची जास्त गरज आहे.

सरपंचांचा सल्ला चांगल्या भावनेचा असला तरी कलम 77 चा गुन्हा गावच्या बैठकीत मिटत नाही. वडिलांना पैसे देऊ करू नका, त्यातून साक्षीदारावर दबाव आणल्याचा नवा आरोप उभा राहू शकतो. त्यांची माफी मागावीशी वाटत असेल तर माझा विरोध नाही, मात्र आधी वकिलाशी बोला आणि कोणत्याही कागदावर सही करू नका. उधारीच्या वहीचे पान फाडण्याचा मोह कोणी घातला तरी फाडू नका, पुरावा नष्ट करणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. नोटिशीच्या तारखेला वकिलासह वेळेवर हजर राहा आणि हजर राहिल्याची पोच घ्या.

राहिली उधारी. भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 11 नुसार अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालील, व्यक्तीशी करार होऊच शकत नाही, आणि कलम 23 नुसार कायद्याने मनाई केलेल्या व्यवहाराचा करार शून्य असतो. त्यामुळे ते 340 रुपये मुलाकडून वसूल होणार नाहीत आणि त्याच्या वडिलांकडूनही मागता येणार नाहीत. त्याच कलम 23 खाली बोर्डाचा तोंडी करारही शून्य आहे, म्हणून थकलेल्या महिन्यांचे भाडे कंपनीकडे मागायला जाऊ नका आणि बोर्ड परत लावण्याची तिची विनंतीही मान्य करू नका.