मैदानावरचे प्रश्न: २०१९-२० चा विजेता नेमका कोण?

या खेपेस बहुतेक पत्रं एकाच मोसमाबद्दलची आहेत. मागच्या अंकात मी आपल्या फुटबॉल क्लबाचा, एफसी गोवाचा, उल्लेख करताना ‘लीग जिंकलेला संघ’ असं लिहिलं होतं. त्यावरून बरेच जण सरसावले आहेत. म्हणून क्रिकेट आणि कबड्डीची पत्रं पुढच्या अंकासाठी ठेवतो. पेडण्याच्या ज्या मुलीने कबड्डीतल्या बोनस गुणाबद्दल विचारलं आहे तिने रागावू नये.

प्रश्न: सर, आमच्या घरात बापलेकांचं जुंपलं आहे. मी म्हणतो, एफसी गोवाने २०२० मध्ये आयएसएल (इंडियन सुपर लीग) जिंकली. मुलगा म्हणतो, ‘बाबा, गोवा आयएसएल कधीच जिंकलेला नाही.’ निकाल तुम्हीच द्या. (एक वाचक, साखळी)

आयएसएल चषकाच्या यादीत गोव्याचं नाव नाही, तेव्हा मुलाला चूक ठरवता येणार नाही. तरी मी शिट्टी तुमच्या बाजूने वाजवणार.

त्या मोसमात दहा संघ होते. प्रत्येकाने प्रत्येकाशी दोनदा खेळायचं, एकदा घरच्या मैदानावर आणि एकदा पाहुणा म्हणून. असे वाट्याला अठरा सामने. ऑक्टोबर २०१९ मध्ये कोचीला सुरुवात झाली आणि फेब्रुवारीच्या अखेरीस साखळी फेरी संपली. एफसी गोवाने १२ सामने जिंकले, ३ बरोबरीत सोडवले, ३ गमावले. गुण ३९. दुसऱ्या नंबरावर कोलकात्याचा एटीके, ३४ गुण. बेंगळुरूचे ३० आणि चौथ्या चेन्नईयिनचे २९. गोव्याचे गोल झाले ४६! अठरा सामन्यांत सेहेचाळीस, म्हणजे दर सामन्याला अडीचच्या वर. आपल्याकडच्या आंतरशालेय स्पर्धेतही इतके गोल सलग कोणी करत नाही. जगात जिथे जिथे लीग खेळतात त्यातल्या बहुतेक ठिकाणी हा तक्ता बघून बँड बोलावला असता.

आपल्याकडे तेव्हा मात्र पहिले चार संघ पुन्हा उपांत्य फेरी खेळायचे, मग अंतिम सामना, आणि तो जिंकणारा ‘चॅम्पियन’. भजन स्पर्धेत प्राथमिक फेरीचे गुण अंतिम फेरीत धरत नाहीत, तसंच हे. फरक एवढाच की इथली प्राथमिक फेरी चार महिने चालायची. उपांत्य फेरीत गोव्यासमोर चौथा आलेला चेन्नईयिन. चेन्नईला २९ फेब्रुवारीला पहिला सामना झाला, त्यात गोवा ४-१ असा हरला. तो एकुलता एक गोल आपल्या सेव्हियर गामाचा. ७ मार्चला घरच्या मैदानावर, मडगावच्या फातोर्ड्याला, परतीचा सामना गोव्याने ४-२ जिंकला. दोन्ही मिळून बेरीज ५-६. दहा गुणांनी मागे असलेला संघ एका गोलाने पुढे गेला आणि पुढे अंतिम सामन्यात एटीकेकडून ३-१ हरला.

आता तुमच्या मुलाला एवढंच विचारा, की २०१९-२० पासून साखळीत पहिल्या येणाऱ्या संघाला ‘लीग विनर्स शिल्ड’ का देऊ लागले? त्याआधीच्या मोसमात बेंगळुरू आणि गोवा दोघांचे ३४ गुण होते, बेंगळुरू पहिला धरला गेला, पण त्या पहिल्या नंबराला हातात घ्यायला काही नव्हतं. शिल्डचा पहिला मानकरी आपला गोवा. १९ फेब्रुवारी २०२० ला जमशेदपूरला ५-० जिंकल्यावर एटीकेला गोव्याला गाठणं अशक्य झालं. शिवजयंतीचा दिवस होता तो. आमच्या डिचोलीत ढोल वाजत होते ते मिरवणुकीचे, फुटबॉलचे नव्हेत. मला त्याचं तेव्हाही वाईट वाटलं आणि आजही वाटतं. महाराजांची मिरवणूक व्हायलाच हवी, पण त्याच रात्री मडगावच्या बाहेर या शिल्डसाठी कोणी एक फटाकासुद्धा लावला नाही, हे काही ठीक झालं नाही.

प्रश्न: त्या वर्षी फायनल फातोर्ड्यालाच होती ना? मग आपल्याला आत का सोडलं नाही? माझ्या भावोजींनी मडगावहून फोन करून सांगितलं होतं, ‘येऊ नकोस, गेट बंद.’ (एक गृहिणी, फोंडा)

भावोजींचं बरोबर होतं. १४ मार्च २०२०, शनिवार. कोरोना नुकताच सगळ्यांच्या तोंडी येऊ लागला होता आणि तो सामना प्रेक्षकांविना खेळवला गेला. ठिकाण मात्र उपांत्य फेरीच्या आधीच जाहीर झालेलं, त्यामुळे आपला संघ बाहेर पडला तरी फायनल आपल्याच दारात. हावी हेर्नांदेझने दोन गोल मारले, एदू गार्सियाने एक. चेन्नईयिनकडून वाल्स्किसने एक परत केला. हावीच्या दुसऱ्या गोलाला टाळ्या वाजवायला बाकावरचे खेळाडू आणि कर्मचारी तेवढे होते.

प्रश्न: संघ पहिल्या नंबरावर असताना प्रशिक्षकाला काढतात का हो? लोबेराचं काय झालं होतं? (निवृत्त बँक कर्मचारी, म्हापसा)

काढतात. गोव्यात काढलं. सर्जिओ लोबेरा २०१७ मध्ये आला, त्याने संघाला चेंडू पायाशी ठेवून खेळायला शिकवलं, २०१९ मध्ये मुंबईतल्या अंतिम सामन्यापर्यंत नेलं, जो बेंगळुरूने जादा वेळेत १-० जिंकला. आणि ३१ जानेवारी २०२० ला, साखळीचे तीन सामने उरलेले असताना, तो गेला. आत काय बिनसलं याच्या कथा मडगावात चहाच्या प्रत्येक टेबलावर वेगळ्या मिळतात. त्या मी इथे छापणार नाही.

मला रस आहे तो नंतरच्या तीन आठवड्यांत. संघ क्लिफर्ड मिरांडाकडे सोपवला. डेंपोचा आणि भारताचा जुना विंगर, डावीकडून पळणारा, ज्यांनी पाहिला आहे त्यांना सांगायला नको. त्याने येऊन काहीही मोडलं नाही. जाहू मागून चेंडू फिरवत राहिला, बूमूस मधून घुसत राहिला, कोरो गोलाच्या तोंडाशी उभा राहिला, आणि गोवा साखळीचे ते तिन्ही सामने जिंकला. नवीन माणूस आला की आपली छाप पाडायला चार गोष्टी बदलतो. क्लिफर्डने तो मोह आवरला. याच क्लिफर्डने २०२३ मध्ये ओडिशा एफसीला सुपर कप जिंकून दिला, तेव्हा कुठे लोकांच्या लक्षात आलं. तरीही आपले क्लब प्रशिक्षक हवा म्हटलं की आधी स्पेनचं विमान बघतात.

प्रश्न: सर, मी बारावीत आहे आणि आमच्या वाड्याच्या संघात लेफ्ट बॅक खेळतो. त्या शिल्डचा गोव्याला फायदा काय झाला? नुसती भिंतीवर लावायची वस्तू का? (विद्यार्थी, पेडणे)

अरे, त्याच शिल्डमुळे गोवा एएफसी चॅम्पियन्स लीगच्या, म्हणजे आशियातल्या क्लबांच्या स्पर्धेच्या, गटसाखळीत गेला. भारतातला पहिला क्लब. त्याआधी आपले क्लब पात्रता फेरीत दार ठोठावून परत यायचे. आशियाई महासंघाने स्पर्धा वाढवली, भारताला गटसाखळीत थेट जागा दिली, आणि ती जागा साखळीत पहिल्या आलेल्या संघाला मिळाली, चषकवाल्याला नाही. साखळी गावच्या त्या काकांनाही हे सांग, त्यांच्या वादात कामाला येईल.

एप्रिल २०२१ मध्ये गटाचे सगळे सामने फातोर्ड्यालाच झाले, पुन्हा रिकाम्या स्टेडियमात. समोर कोण? इराणचा पर्सेपोलिस, कतारचा अल रय्यान, अमिरातीचा अल वाहदा. अल रय्यानचा प्रशिक्षक लॉराँ ब्लाँ, १९९८ चा विश्वविजेता. त्यांच्याशी पहिलाच सामना ०-०. मग अल वाहदाशी ०-०. पर्सेपोलिसविरुद्ध ब्रँडनच्या फ्री किकवर एदू बेदियाने डोक्याने गोल केला आणि काही मिनिटं गोवा पुढे होता. शेवटी हरला १-२. त्यांच्याशीच पुढचा सामना ०-४. अल रय्यानशी पुन्हा १-१, अल वाहदाकडून ०-२. सहा सामन्यांत एकही विजय नाही, तीन गुण, तरी गटात तिसरा, अल रय्यानच्या वर! गोलात धीरज सिंग होता, वय वीस. तू बचावात खेळतोस ना, मग त्याचे ते सामने मिळाले तर बघ. गोलकीपर ओरडून ओरडून बचावफळी कशी उभी करतो ते कळेल.

पण एक कडू गोष्टही ऐकून ठेव. आशियात उतरला तो शिल्ड जिंकलेला संघ नव्हताच. लोबेरा मुंबई सिटीला गेला, मागोमाग बूमूस, जाहू, फॉल आणि तुझ्याच जागी खेळणारा आपला मंदार राव देसाई. कोरोही गोवा सोडून गेला. २०२०-२१ चा अख्खा मोसम कोरोनामुळे गोव्यातच, फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोचं टिळक मैदान अशा तीन ठिकाणी झाला. त्यात मुंबईने शिल्डही नेली आणि चषकही, फायनल परत फातोर्ड्याला. उपांत्य फेरीत पेनल्टीवर हरवलं कोणाला? गोव्यालाच. मंदार मूळचा विंगर, मागे आणून लेफ्ट बॅक केलेला. तेव्हा तुला कोणी पुढून मागे टाकलं असेल तर तोंड पाडू नकोस.

प्रश्न: एफसी गोवाच्या त्या संघात आपले किती? सगळे स्पॅनिश आणि मोरोक्कोचे ना? (दुकानदार, काणकोण)

ब्रँडन फर्नांडिस, लेनी रॉड्रिग्ज, सेरिटन फर्नांडिस, मंदार, गामा. यातले दोघे-तिघे जवळजवळ प्रत्येक सामन्यात पहिल्या अकरांत. गोल मात्र बहुतेक बाहेरच्यांचे, कोरोचे १४ आणि बूमूसचे ११. हे नाकारण्यात अर्थ नाही.

प्रश्न: शेवटी येणारा संघ खाली का जात नाही? आमच्या तालुक्याच्या स्पर्धेतसुद्धा गट बदलतात. (एक वाचक, सावंतवाडी)

आयएसएलची सुरुवातच फी भरून संघ घेण्याच्या पद्धतीवर झाली. पैसे भरून आलेल्याला खाली ढकलायचं कसं, हा पेच. २०१९-२० मध्ये तळाला हैदराबाद होता, अवघे १० गुण. दुसऱ्या देशात असता तर गेला असता. इथे राहिला आणि दोनच वर्षांनी, २० मार्च २०२२ ला, फातोर्ड्यालाच केरला ब्लास्टर्सला पेनल्टीवर हरवून चषक घेऊन गेला. गोलात लक्ष्मीकांत कट्टीमणी, तीन पेनल्टी अडवल्या त्याने. २०१५ च्या फायनलमध्ये गोव्याच्या गोलात हाच होता, याच मैदानावर, आणि तेव्हा गोवा चेन्नईयिनकडून ३-२ हरला होता. तर खाली न पाठवण्याचाही कोणाला तरी फायदा होतोच, असं म्हणावं लागेल.

मला मात्र ही पद्धत पटलेली नाही. तिची किंमत आपल्याच क्लबांनी मोजली आहे. २००४-०५ ते २०१२-१३ या नऊ मोसमांत देशाची लीग आठ वेळा गोव्यात आली. डेंपो पाच वेळा, चर्चिल ब्रदर्स दोनदा, साळगावकर एकदा. आयएसएलला वरचं स्थान देण्याचा आराखडा पुढे आला तेव्हा २०१६ मध्ये डेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग यांनी आय-लीग, म्हणजे तोवरची देशाची लीग, सोडली. वर जायला शिडी नसेल तर खालच्या मजल्यावर पैसे कशाला घालायचे, हा त्यांचा सवाल होता. पुढे शिडी आली, पंजाब २०२३ मध्ये आणि मोहमेडन २०२४ मध्ये वर आयएसएलमध्ये गेले. डेंपोही पुन्हा आय-लीगमध्ये परतला. मधली वर्षं कोण भरून देणार?

प्रश्न: मी चौदा वर्षांखालच्या मुलांना शिकवतो. त्या मोसमातला एकच सामना दाखवायचा तर कोणता? जमशेदपूरचा ५-०? (शारीरिक शिक्षण शिक्षक, वाळपई)

सर, तो नको. पाच गोल बघून मुलं खूश होतील आणि काही शिकणार नाहीत. ७ मार्चचा फातोर्ड्याचा उपांत्य सामना दाखवा. पंचवीस मिनिटांच्या आत गोवा २-० पुढे, एक चेन्नईयिनच्या गोइअनचा स्वयंगोल आणि एक फॉलचा. तीन गोलांची पिछाडी एकावर आली. इथे टीव्ही थांबवा आणि मुलांना विचारा, आता पुढे पळायचं का थांबायचं. दुसऱ्या सत्रात चेन्नईयिनच्या छांगटे आणि वाल्स्किसने गोल केले ते गोव्याच्या मागे मोकळ्या राहिलेल्या जागेतून कसे आले, हे त्यांना स्वतः शोधू द्या. त्यांचा प्रशिक्षक ओवेन कॉइलने तळाजवळचा संघ डिसेंबरात हाती घेऊन तिथवर आणला तो अशाच वेगवान प्रतिहल्ल्यांवर. शेवटी बेदिया आणि फॉलने आणखी दोन मारले तो भाग दाखवायला विसरू नका, आणि दाखवताना आवाज बंद ठेवा, समालोचक सगळं आधीच सांगून टाकतो.